शब्दचर्चा: आंशिक प्रभार, अंशतः प्रभारित, की सरळ पार्शल चार्ज?

खडूफळा:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. मी सोलापुरात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली पोरं अकरावीला आली की पुस्तक एकदम इंग्रजीत, मग सुरुवातीचे काही महिने नुसती घोकंपट्टी चालते, म्हणून त्यांच्यासाठी रेणूंच्या ध्रुवीयतेवर, म्हणजे रेणूला धन आणि ऋण अशी दोन टोकं येतात त्यावर, मराठीत एक टिपण करायला घेतलंय. तर बाजारातल्या एका गाईडमध्ये वाक्य आहे, 'पाणी हा अंशतः प्रभारित रेणू आहे.' मला हे वाक्य साफ चुकीचं वाटतं. पाण्याच्या रेणूवर एकूण प्रभार शून्य असतो. ऑक्सिजनकडे थोडा ऋण, दोन्ही हायड्रोजनकडे थोडा थोडा धन, बेरीज केली की काही उरत नाही. प्रभार टोकांवर आहे, रेणूवर नाही. स्टाफरूममध्ये हे बोलले तर एक सहकारी म्हणाले की अहो 'अंशतः' लिहिलंय ना, त्यात सगळं आलं. मला नाही पटलं. कारण वर्गात हे वाक्य वाचल्यावर एका मुलीनं विचारलं की मॅडम मग पाण्यात हात घातला की करंट का बसत नाही, आणि मागच्या बाकावरून एकजण म्हणाला की अंशतः प्रभारित म्हणजे मोबाईल चाळीस टक्के चार्ज आहे तसं. दोघांचंही चुकलं नाही, वाक्यच तसं आहे. तर पार्शल चार्जला मराठीत काय म्हणावं, आणि मुख्य म्हणजे तो टोकाचा आहे, सगळ्या रेणूचा नाही, हे शब्दातूनच कळावं असं काही सुचतं का?

बाळीवेस:
ताई, प्रश्न चांगला काढलात. आधी व्याकरण बघू. 'अंशतः' हे क्रियाविशेषण. हवामानाच्या बातमीत 'आकाश अंशतः ढगाळ राहील' म्हणतात तेव्हा आकाशाचा काही भाग ढगांनी झाकलेला, असा अर्थ आपण बिनदिक्कत घेतो. त्या न्यायानं 'अंशतः प्रभारित रेणू' म्हणजे ज्याचा काही भाग प्रभारित आहे असा रेणू, हा अर्थ निघू शकतो. पण 'थोडासाच प्रभार असलेला' हाही निघतो आणि पोरांनी तोच घेतला. शब्द दुहेरी अर्थाचा असेल तर शास्त्रात तो टाळावा. 'आंशिक' मला मुळीच आवडत नाही, हिंदी वर्तमानपत्रांतून आपल्याकडे आलाय. सरळ समास करा, 'अंशप्रभार'. अंशप्रभार असलेलं टोक. ऐकायलाही सुटसुटीत.

आणि दुसरं, 'प्रभार' ह्या शब्दावरच माझा जुना आक्षेप आहे. प्रभार म्हणजे पदाचा कार्यभार. मुख्याध्यापक रजेवर गेले की ज्येष्ठ शिक्षकाकडे प्रभार येतो, त्याला प्रभारी म्हणतात. विश्वकोशाच्या जुन्या नोंदींत 'विद्युत् भार' असं असायचं, ते काय वाईट होतं?

प्रयोगवही:
सर, 'भार' नको. भार म्हटलं की पोरगं वजन समजतं, वायरमन लोड समजतो आणि महावितरणचं भारनियमन सगळ्यांच्या घरी असतंच. एका वाक्यात 'रेणूभार' आणि 'विद्युत् भार' दोन्ही आले की गोंधळ बघा. पाण्याचा रेणूभार १८ आणि विद्युत् भार शून्य, हे वाक्य मी प्रत्यक्ष वर्गात बोलून बघितलंय, पुढच्या बाकावरची पोरंसुद्धा बावरतात. प्रभार निदान वेगळा तरी उभा राहतो.

खडूफळा मॅडमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, फक्त त्यात एक भर घालतो. पार्शल म्हणजे किती पार्शल, हे टिपणात आकड्यानं द्या, पोरांना लगेच पकड येते. वायुरूप पाण्याचा डायपोल मोमेंट, म्हणजे रेणू किती ध्रुवीय आहे त्याचं माप, १.८५ डेबाय (डेबाय हे त्याचं एकक). ओ-एच बंधाची लांबी ०.०९५८ नॅनोमीटर, कोन १०४.५ अंश. आता हायड्रोजनवर एक ठरावीक प्रभार आणि ऑक्सिजनवर त्याच्या दुप्पट उलटा असं धरून गणित मांडलं की हायड्रोजनवर साधारण अधिक ०.३३ आणि ऑक्सिजनवर उणे ०.६६ येतात. म्हणजे एका इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या एक तृतीयांश. एवढं गणित बारावीच्या पोराला येतं, नुसती त्रिकोणमिती आहे. पण कॉम्प्युटरवर द्रव पाण्याची नक्कल करणारी मंडळी हेच आकडे ०.४१ आणि ०.८२ च्या आसपास घेतात, कारण द्रवात शेजारचे रेणू एकमेकांचे इलेक्ट्रॉन आणखी सरकवतात. मग खरा आकडा कोणता? डायपोल मोमेंट प्रयोगानं मोजता येतो. अणूवरचा पार्शल चार्ज तसा थेट मोजता येत नाही, कारण इलेक्ट्रॉनचा ढग सगळा एकसलग, त्यातला कुठपर्यंतचा ऑक्सिजनचा आणि कुठून पुढे हायड्रोजनचा ही रेघ आपण मारायची. रेघ वेगळी मारली की आकडा बदलतो. म्हणून मला 'अंश' हा शब्दच जरा जास्त ठाम वाटतो, अंश म्हटलं की नक्की मोजून काढलेला वाटा वाटतो. 'किंचित धन', 'किंचित ऋण' असं म्हटलं तर?

अक्कलकोट रोड:
तुम्ही सगळे मोठे लोक बोलायलालाय म्हणून मधी पडतोय, माफी असावी. पण चार्ज म्हणायला काय होतंय? टेबल मराठी झालं, पेन मराठी झालं, चार्जर तर घरातल्या आजीला पण कळतंय. पोराला पुढं जाऊन सीईटी न् नीट द्यायची हाय, तिथं प्रभार कोण विचारणार हाय. पार्शल चार्ज, संपला विषय. मी स्वतः मराठी शाळेतनं शिकून डिप्लोमाला गेलो, तिथं पहिल्या दिवशी मास्तर 'कोव्हॅलंट' म्हणले आणि मी बसलोय 'सहसंयुज' शोधत. ते दोन्ही एकच हाय हे कळायला सहामाही आली की वो.

बाळीवेस:
तुमचा अनुभव खरा आहे, तो नाकारत नाही. पण दोष सहसंयुजचा नाही. दोन्ही शब्द शेजारी शेजारी कुणी शिकवले नाहीत, हा दोष. आणि 'चार्ज' सगळ्यांना कळतो म्हणता तर मोजा की कितीजणांना काय काय कळतं. मोबाईलचा चार्ज, लाठीचार्ज, डिलिव्हरी चार्ज, आणि साहेबांनी आज चार्ज घेतला. ह्या चारांतला कुठला पाण्याच्या रेणूवर आहे? मागच्या बाकावरच्या पोरानं मोबाईल काढला तो चार्जमुळेच ना.

प्रयोगवही:
सर, पण मग हे बघा, प्रभारवर तुमचा आक्षेप होता की तो पदाचा असतो. चार्जसुद्धा पदाचा असतोच. इंग्रजीत तो दोन्हीकडे चालतो आणि कुणाचं अडत नाही. मग प्रभारचं का अडावं?

साखरपेठ:
आमच्या घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी, धंद्यात तिन्ही-चारी, त्यामुळे मला ह्यात लई रस आहे. तेलुगूत ह्याला आवेशम म्हणतात, हिंदीत पण आवेश. माझी भाची हैदराबादला शिकली, ती सुट्टीत आली की माझ्या पोराला शिकवायला बसते आणि 'आवेश' म्हणते, पोरगं हसतं, कारण मराठीत आवेशात माणूस भाषण करतो. आणखी एक मोठा घोळ आहे तो कुणी बोललं नाही. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. तेलुगूत आणि हिंदीत मॉलिक्यूल म्हणजे अणू आणि ॲटम म्हणजे परमाणू. आमच्या पेठेतली पोरं शाळेत मराठी ऐकतात, यूट्यूबवर हिंदी सरांचं लेक्चर बघतात, घरी तेलुगू. 'पाण्याचा अणू ध्रुवीय आहे' असं पोरगं लिहितं आणि मार्क जातात, पण त्यानं ज्या भाषेत ऐकलं त्या भाषेत ते बरोबरच आहे. मॅडम, टिपणात पहिल्या पानावर हे लिहा, प्रभारचं नंतर बघू.

खडूफळा:
हे फार मोलाचं सांगितलंत, नक्की घालते. माझ्या वर्गात पेपर तपासताना 'पाण्याचा अणू' सारखं दिसतं आणि मी लाल रेघ मारत आलेय, त्यामागं हे असेल हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पण माझा मूळ प्रश्न राहतोय. टोकाचा प्रभार आणि रेणूचा प्रभार हा फरक शब्दात कसा आणायचा?

सात रस्ता:
मी तर आठवीच्या पोरांना आपली चादर सांगतो. सोलापुरी चादर एक आणि झोपलेत दोघं भाऊ. दोघांच्यात सामाईक आहे म्हणजे सहसंयुज बंध. थोरला जोरात ओढतो, धाकट्याचे पाय उघडे पडतात, पण चादर अजून दोघांचीच आहे. हा झाला पार्शल चार्ज. थोरला चादर घेऊन दुसऱ्या खोलीत गेला तर तो आयनिक बंध, तिथं पूर्ण प्रभार. पोरं कधी विसरत नाहीत. आणि मग नळाची बारीक धार सोडायची, कंगवा कोरड्या केसांवर घासायचा आणि धारेजवळ न्यायचा, धार वाकते. पाण्याचे रेणू ध्रुवीय म्हणून ओढले जातात. मे महिन्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की पहिल्या झटक्यात वाकते, पावसाळ्यात मात्र दमवते.

प्रयोगवही:
चादर बेस्ट आहे, चोरतोय. ऑक्सिजनची ओढ ३.४४ आणि हायड्रोजनची २.२०, इलेक्ट्रॉन ओढण्याच्या पॉलिंगच्या मापावर, म्हणजे थोरला खरंच दीडपट तगडा.

कंगव्याचं मात्र सांगतो, कारण ते प्रत्येक पुस्तकात तसंच छापतात. प्रयोग खरा आहे, कारण तसं नाही. ध्रुवीय रेणूला एकसारख्या विद्युत क्षेत्रात ठेवलं तर तो फिरून रांगेत येतो, ओढला जात नाही, कारण एका टोकाला जेवढी ओढ तेवढीच दुसऱ्या टोकाला ढकल. निव्वळ ओढ हवी तर क्षेत्र एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असावं लागतं, आणि कंगव्याजवळ तसं थोडं असतं पण त्यातून येणारा जोर फार किरकोळ. धार एवढी वाकते ती मुख्यतः पाण्यात आयन, म्हणजे पूर्ण प्रभार असलेले कण, असतात म्हणून. ऋण कंगवा जवळ आला की धारेत धन प्रभार गोळा होतो, नळाच्या पाण्यातून तो सहज वाहत येतो, आणि मग अख्ख्या धारेवरच निव्वळ प्रभार असतो. म्हणजे मॅडमच्या मुद्द्याच्या बरोबर उलटं उदाहरण झालं. रेणू शून्य, धार मात्र खरोखर प्रभारित. ध्रुवीयता शिकवायची असेल तर कंगवा वापरू नका, सर.

सात रस्ता:
मग दाखवायचं काय? आमच्या शाळेत तेवढंच साहित्य आहे, नळ न् कंगवा. आणि पोरांचे डोळे चमकतात ते त्या धारेनंच. कारण थोडं इकडंतिकडं झालं तरी उत्सुकता तर लागते ना.

प्रयोगवही:
दाखवा की, जरूर दाखवा, पण नाव स्थितिक विद्युतचं द्या. ध्रुवीयतेसाठी पाण्यात मीठ विरघळवा आणि शेंगदाण्याच्या तेलात मीठ टाकून बघा. पाण्यात सोडियमभोवती ऑक्सिजनची टोकं आत तोंड करून उभी राहतात, क्लोराइडभोवती हायड्रोजनची. तेलात तसं टोकच नाही, मीठ तळाशी बसून राहतं. दोन वाट्या लागतात.

आणि खरा चकवा कार्बन डायऑक्साइडचा. तिथं दोन्ही ऑक्सिजन कार्बनकडून ओढतात, टोकांवर पार्शल चार्ज आहेत, चांगले भरपूर आहेत, पण रेणू सरळ रेषेत आहे म्हणून दोन्ही ओढी एकमेकींना छाटतात आणि डायपोल मोमेंट शून्य. सात रस्ता सरांच्या चादरीत मधला बिचारा गारठलाय, दोन्ही बाजूंनी सारखीच ओढलीय. म्हणजे 'अंशप्रभार आहेत' आणि 'रेणू ध्रुवीय आहे' ह्या दोन वेगळ्या गोष्टी. गाईडचं वाक्य म्हणूनच धोक्याचं आहे, ते दोन्हींना एकाच पोत्यात घालतं. तसाच अमोनिया १.४७ डेबाय, आणि नायट्रोजन ट्रायफ्लोराइडमध्ये फ्लोरिन एवढा ओढणारा असूनही फक्त ०.२३, कारण नायट्रोजनवरची इलेक्ट्रॉनची मोकळी जोडी उलट्या बाजूला पडते. आणि कार्बन मोनॉक्साइड तर अजून पुढचा, तिथं किंचित ऋण टोक कार्बनचं निघतं, ऑक्सिजनचं नाही. नुसती ओढ बघून टोक ठरवलं असतं तर उत्तर चुकलं असतं.

खडूफळा:
हो, अगदी हेच. म्हणून मला दोन शब्द हवेत, एक टोकासाठी आणि एक अख्ख्या रेणूसाठी. 'ध्रुवीय' रेणूला ठेवू आणि 'किंचित धन टोक, किंचित ऋण टोक' हे अणूंना. प्रभारित हा शब्द मी फक्त आयनांसाठी राखून ठेवणार. कुणाची हरकत?

बाळीवेस:
माझी 'ध्रुवीय'वर आहे. ध्रुव शब्दाचा मूळ अर्थ अढळ, स्थिर. आकाशातला तो तारा हलत नाही म्हणून ध्रुव, आणि गाण्यात जे पुन्हा पुन्हा येतं, ठरलेलं असतं ते ध्रुवपद. पृथ्वीच्या टोकांना ध्रुव म्हणतो ते फिरताना ती स्थिर राहतात म्हणून. तुमच्या रेणूत तर प्रयोगवही म्हणतात तसं सगळं सरकतंय, ढग काय, रेघा काय. तिथं अढळ काय आहे? शिवाय रोजच्या पेपरात 'मतांचं ध्रुवीकरण' वाचून पोरं येतात. मी तर म्हणतो, 'द्विटोकी रेणू' म्हणा. टोक हा अस्सल मराठी शब्द आहे आणि ताईंना टोकच दाखवायचंय.

प्रयोगवही:
सर, ढग सरकतो म्हणजे शेजाऱ्यांमुळे थोडा कमीजास्त होतो. पाण्याचं ऋण टोक ऑक्सिजनचं हे काही उद्या बदलत नाही, त्या अर्थी अढळच आहे. आणि टोकं तर प्रत्येक रेणूला असतात, कार्बन डायऑक्साइडला पण दोन आहेत, मग तोही द्विटोकी होईल आणि आपण परत गाईडच्या वाक्यावर येऊ. ध्रुव म्हटलं की दोन्ही टोकं विरुद्ध स्वभावाची, हे पोराला चुंबकामुळे सातवी-आठवीपासून माहीत असतं. ध्रुवीकरण म्हणाल तर ते रसायनातही लागतं. ऑक्सिजन वायू ध्रुवीय नाही, पण पाण्याच्या रेणूजवळ आला की त्याचा ढग एका बाजूला सरकतो, तेवढ्यापुरता तो ध्रुवीय होतो आणि थोडासा का होईना पाण्यात विरघळतो. तळ्यातले मासे त्यावरच जगतात.

अक्कलकोट रोड:
मला एक सांगा, ऋण का म्हणायचं? आमच्यात ऋण म्हणजे कर्ज, सोसायटीचं नाहीतर बँकेचं. इथं ऑक्सिजन दुसऱ्याचं ओढून घ्यायलाय, त्याच्याकडं जास्त झालंय, आणि तोच ऋण. ज्याचं गेलं तो धन. हे लहानपणी कधीच पचलं नाही, आज बी पचत नाही. आणि ते धनचं परत घन होतं, अर्ध्या वह्यांत घ काढलेला असतो.

प्रयोगवही:
ह्याचं कारण इतिहासात आहे. अधिक-उणे ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं १८ व्या शतकात दिली, तेव्हा इलेक्ट्रॉन कुणाला माहीतच नव्हता. तो सापडला १८९७ मध्ये, आणि तो निघाला उणे बाजूचा. तोवर सगळी पुस्तकं लिहून झाली होती. म्हणून इलेक्ट्रॉन ज्याच्याकडे जास्त तो उणे. कर्ज म्हणून नको वाचू, 'उणे' म्हण, 'अधिक' म्हण. गणितातले शब्द आहेत, सगळ्यांना येतात आणि घ-ध चा घोळही नाही.

खडूफळा:
'किंचित उणे टोक' आणि 'किंचित अधिक टोक'. हे मला आवडलं बरं का. 'किंचित अधिक' जरा विचित्र वाटतं, 'थोडं जास्त' असा अर्थ निघतोय.

बाळीवेस:
निघतोयच. म्हणून अंशप्रभार.

साखरपेठ:
मी डायिंगमधला माणूस आहे, आमच्याकडे ह्यातला एकही शब्द नाही पण काम सगळं ह्याच्यावरच चालतं, म्हणून सांगतो. कच्चं सुती सूत मागावरून किंवा मिलमधून येतं तसं पाण्यात टाकलं तर बुडत नाही, लड वरच तरंगत राहते, हातानं दाबली तरी वर येते. कारण कापसावर मेणचट थर असतो, त्याला पाणी लागतच नाही. कॉस्टिक सोडा घालून उकळवलं की तो थर निघतो, मग तीच लड पाण्यावर ठेवली की बघता बघता गडद होत खाली जाते. आमच्यात म्हणतात 'सूत पाणी प्यायला लागलं'. प्रयोगवही सर सांगतील, आत जे आहे ते पाण्याच्याच जातीचं.

प्रयोगवही:
हो. कापूस म्हणजे सेल्युलोज, त्याला जागोजागी ओ-एच गट, प्रत्येकावर किंचित उणे ऑक्सिजन आणि किंचित अधिक हायड्रोजन. पाण्याचे रेणू तिथं हायड्रोजन बंधानं चिकटतात. मेणाच्या लांब साखळीत नुसते कार्बन-हायड्रोजन, २.५५ आणि २.२०, ओढीत जेमतेम फरक. 'सूत पाणी पितं' हा टॉवेलवाल्यांचा शब्द ध्रुवीयतेच्या टिपणात घालाच मॅडम. आणि रंगाच्या टाकीत तुम्ही मीठ का टाकता तेही सांगा.

साखरपेठ:
डायरेक्ट रंगाला मीठ लागतंच, नाहीतर रंग पाण्यातच राहतो, सुतावर चढत नाही. असं का ते वडिलांनी कधी सांगितलं नाही, फक्त किती टाकायचं ते सांगितलं.

प्रयोगवही:
पाण्यात कापसाच्या पृष्ठभागावर थोडा ऋण प्रभार येतो आणि डायरेक्ट रंगाचा कणही ऋण आयन, इथं पूर्ण प्रभार बरं का, पार्शल नाही. दोघं एकमेकांना ढकलतात. मिठातला सोडियम मधे येऊन ती ढकल झाकतो, मग रंग सुतापर्यंत पोचतो.

साखरपेठ:
असं आहे होय. आणि म्हणूनच बोअरचं पाणी वापरलं की सगळं बिघडतं का? आमच्याकडे बोअरचं पाणी लई जड आहे, रंगाला डाग पडतात, शेड बसत नाही.

बाळीवेस:
थांबा. 'जड पाणी' म्हणजे हेवी वॉटर. ज्यात हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो, अणुभट्टीत वापरतात ते. बोअरचं पाणी 'दुष्फेन', पाठ्यपुस्तकातला शब्द आहे. ज्यात साबणाचा फेस होत नाही ते दुष्फेन, होतो ते सुफेन. किती नेमका शब्द!

अक्कलकोट रोड:
दुष्फेन सोलापुरात कोण म्हणतंय? आमच्या आईच्या तोंडात आयुष्यभर जड पाणी. जड पाण्यात डाळ शिजत नाही, म्हणून उजनी धरणाचं पाणी येईल त्या दिवशी वेगळं भरून ठेवते डाळीला. शब्द आधी आईचा हाय, अणुभट्टीवाले नंतर आले.

प्रयोगवही:
डाळीचं बरोबर आहे, कॅल्शियम डाळीच्या पेशींतल्या पेक्टिनला घट्ट बांधतो. पण वर्गात 'जड' चालणार नाही, परीक्षेत जड पाणी म्हणजे डी-टू-ओच.

खडूफळा:
अहो, माझा अंशप्रभार की किंचित...

सात रस्ता:
मॅडम एक मिनिट, हे जड पाण्याचं आधी मिटवू दे. पंढरपूरकडं 'सवळं पाणी' म्हणतात ना, ते हेच का वेगळं?

साखरपेठ:
वेगळं. सवळं जिभेला खारट लागतं. जड पाणी तोंडाला गोड लागलं तरी जड असू शकतं. आम्ही बाटलीत पाणी घेतो, साबणाचं द्रावण थेंब थेंब टाकून हलवतो, फेस टिकला तर हलकं, पांढरी साय धरली तर जड. तुम्ही दुष्फेन म्हणा, आम्ही त्या दिवशी टँकर मागवतो.

बाळीवेस:
म्हणजे फेसावरूनच ओळखता ना? मग दुष्फेन म्हणायला काय हरकत आहे?